रत्नागिरीहून इफ्फीला

रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला चित्रपट पुष्कळ आले, चित्रपटगृहे मात्र मोजकीच राहिली. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतले सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ पाच मराठी चित्रपटांनी मिळवले आहे: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. त्यांतल्या तिघांचे मूळ कोकणात आहे. साने गुरुजींचे पालगड दापोली तालुक्यातले. आचार्य अत्र्यांनी त्यांच्या पुस्तकावर 1953 साली चित्रपट केला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्यालाच मिळाले. ‘श्वास’मधले आजोबा नातवाचे डोळे दाखवायला कोकणातल्या खेड्यातून शहरातल्या इस्पितळात येतात. ‘कासव’ची गोष्ट कासवांची घरटी राखणाऱ्या माणसांच्या आसपास, कोकणच्या किनाऱ्यावर घडते. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ गुहागरच्या परिसरात चित्रित झाला आणि 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात बालप्रेक्षकांच्या ज्यूरीने त्याला क्रिस्टल बेअर दिले. ‘तुंबाड’ हे नावसुद्धा खेड तालुक्यातल्या जगबुडीकाठच्या गावाचे.

असे चित्रपट रत्नागिरीत लागलेच तर एखाद्या आडवेळच्या खेळाला लागतात आणि ‘बघायला जाऊ’ म्हणेपर्यंत उतरतात. दोष थिएटरवाल्याचा म्हणता येत नाही. स्वतंत्र चित्रपट म्हणजे मोठ्या स्टुडिओच्या पैशाबाहेर उभा राहिलेला चित्रपट. त्याचा पैसा ओळखीपाळखीतून, एखाद्या परदेशी निधीतून किंवा पहिल्यांदाच निर्माता झालेल्या माणसाच्या खिशातून येतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे निर्माते विवेक गोंबर हे त्याच चित्रपटात बचाव पक्षाच्या वकिलाचे कामही करतात, आणि लोकशाहीर झालेले वीरा साथीदार हे मुळात कार्यकर्ते होते. चित्रपट पुरा होईपर्यंत पैसा संपतो, आणि जाहिरात व वितरण हे दोन खर्च त्यानंतरचे असतात. अशा चित्रपटाला पहिला प्रेक्षक मिळतो तो महोत्सवात. ‘कोर्ट’ला तो 2014 साली व्हेनिसमध्ये मिळाला आणि तिथले दोन पुरस्कारही मिळाले. रत्नागिरीच्या माणसाला व्हेनिस लांब, मुंबई-पुण्याचे महोत्सवही मुक्कामाच्या खर्चाचे. रेल्वेने सकाळी निघून संध्याकाळचा खेळ गाठता येईल असा एकच मोठा महोत्सव आहे: दर नोव्हेंबरात पणजीला भरणारा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे इफ्फी.

या वाटेने जाणारी मंडळी एकेकटी सहसा जात नाहीत. प्रस्तुत लेखकाबरोबर असतात ते एक हापूसचे बागायतदार, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. एक निवृत्त शिक्षिका, ज्या सगळ्या गावाच्या बाई आहेत. मच्छीमार सोसायटीचे हिशेब लिहून निवृत्त झालेले अण्णा. आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा एक तरुण, ज्याला सगळे नुसते ‘अरे’ म्हणून हाक मारतात. थिबा राजवाड्याच्या आवारात दर हिवाळ्यात होणाऱ्या संगीत महोत्सवात या मंडळींची ओळख वाढली. गाण्याला एकत्र बसणारी माणसे सिनेमालाही एकत्र बसू लागली, एवढाच या ओळखीचा इतिहास.

गाडीने रत्नागिरी सोडली की थोड्याच वेळात पानवल नदीवरचा पूल येतो. 64 मीटर उंचीचा हा पूल कोकण रेल्वेवरचा सर्वांत उंच. पुलावर गाडी आली की डब्यातले बोलणे आपोआप थांबते. खाली दरी, झाडांचे शेंडे आणि मध्ये नदीची बारीक रेघ. पूल सरला की गाडी बोगद्यात शिरते आणि बोलणे जिथे तुटले होते तिथून पुढे चालू होते. पुढचा सारा रस्ता असाच: बोगदा, कापलेला डोंगर, एक उघडे खोरे, पुन्हा बोगदा. उद्याच्या चित्रपटांची जागा मोबाइलवर राखायची असते आणि ती नेमकी बोगद्यात अडकते. तरुण मित्र फोन खिडकीपाशी धरून बसतो. बाई म्हणतात, ‘अरे, राजापूर येईपर्यंत धीर धर. सिनेमा कुठे पळत नाही.’ तो म्हणतो, ‘बाई, सिनेमा नाही पळत, जागा पळतात.’

नोव्हेंबरचे कोकण पावसाळ्यातल्या फोटोंसारखे हिरवेगार नसते. भातकापणी उरकलेली असते, खाचरांत पिवळी खोडकी उभी असतात, घरांच्या बाजूला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात. जमिनीतली ओल असेतो कुळीथ आणि पावटा पेरण्याची घाई चाललेली असते. भाऊंचे लक्ष कलमांकडे. धावत्या गाडीतून ते बागा वाचतात. जिथे तांबूस पालवी फुटली आहे तिथे मोहोर लांबणार, जिथे फांदी काळपट हिरवी आणि पक्व झाली आहे तिथे थंडी पडताच फुटणार. राजापूरपासून वैभववाडीपर्यंत त्यांचा हंगामाचा अंदाज तयार होतो. हीच नजर ते चित्रपटगृहातही घेऊन जातात. पडद्यावर मे महिना सांगितला असेल आणि मागच्या झाडाला मोहोर दिसत असेल, तर त्या चित्रपटावरचा त्यांचा विश्वास तिथेच उडतो.

कणकवली-कुडाळच्या पट्ट्यात भाषेचा सूर बदलतो. 1981 पर्यंत हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. सिंधुदुर्ग जिल्हा त्या वर्षी वेगळा झाला. तरी रत्नागिरीकराला कुडाळच्या फलाटावर आपण पाहुणे आहोत हे कळते. रत्नागिरीचे बोलणे तिरकस आणि तोडून टाकणारे. मालवणी माणूस तेच हेल काढून सांगतो, आणि शिवीत माया घालतो. हेच दिवस गावोगावच्या जत्रांचेही असतात. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास देवळांपुढे दशावताराची नाटके उभी राहू लागतात आणि ती पहाटेपर्यंत चालतात. पेटाऱ्याची पूजा, संकासुराचा दंगा, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही. नटांनी आपसांत गोष्ट ठरवायची आणि बोलणे जागच्या जागी रचायचे. प्रेक्षक जमिनीवर बसतात, मध्येच उठून खाजे घेऊन येतात, झोपलेल्या पोराला मांडीवर सरळ करतात, आणि युद्धाच्या प्रवेशाला सगळे जागे असतात. समीक्षकांना ‘संथ’ वाटणारा चित्रपट या भागातल्या माणसाला फारसा जड जात नाही, त्याचे कारण इथे सापडते. रात्रभर बसायची सवय त्याला आहे. त्याची तक्रार वेगळी असते: इतका वेळ बसून शेवटी गोष्ट मिळाली की नाही?

सावंतवाडीनंतर मडुरे, मग पेडणे, आणि गोवा लागतो. डोंगर तेच, माडही तेच. घरे मात्र बदलतात. रत्नागिरीचे घर रस्त्याकडे पाठ करून, गडग्याआड, माडापोफळीत लपलेले असते. गोव्यातले घर रस्त्याकडे तोंड करते. पुढे ओसरीसारखे बसके ‘बाल्कांव’, त्याला दोन बाजूंना सिमेंटची बाके, आणि संध्याकाळी त्यावर बसलेली माणसे. रत्नागिरीत येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी खिडकीच्या फटीतून होते, इथे ती समोरासमोर होते. थिवीला उतरून पणजीकडे निघाले की पर्वरीचा चढ, मग मांडवीचे रुंद पात्र, त्यावरचे पूल आणि पाण्यात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी दिसतात. बाईंना दर वेळी या बोटी खटकतात. अण्णा फक्त त्यांच्या नांगराचा दोर कुठल्या बाजूला ताणला आहे ते बघतात आणि भरती आहे की ओहोटी ते सांगतात.

इफ्फी मुळात गोव्याचा नव्हे. पहिला महोत्सव 1952 च्या जानेवारीत मुंबईत भरला. त्यात दाखवलेल्या इटालियन ‘बायसिकल थीव्हज’चा प्रभाव पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’वर सांगितला जातो. पुढे पन्नासेक वर्षे हा महोत्सव कधी दिल्लीत, कधी दुसऱ्या शहरात असा फिरत राहिला. 2004 साली तो गोव्यात आला आणि तिथेच राहिला. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या कारकिर्दीत त्यासाठी पणजीत जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात नवी चित्रपटगृहे बांधली गेली. त्या महाविद्यालयाची सुरुवात पोर्तुगीज राजवटीत 1842 साली झाली होती. आज त्याच्या जाड भिंतींच्या, उंच खिडक्यांच्या इमारतीत महोत्सवाची कचेरी थाटली जाते. जिथे एके काळी रोगी ताटकळत बसत, त्या आवारात आता लोक गळ्यात ओळखपत्र अडकवून रांगा लावतात. बाजूला जुना माकिनेझ पॅलेस आहे. त्यातही चित्रपट दाखवले जातात.

रांग हा महोत्सवातला पहिला धडा आहे. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली झाली, हा सर्वमान्य कायदा. इथे रुमालाला किंमत नाही. जागा राखलेल्यांची रांग वेगळी, न राखता नशीब काढायला आलेल्यांची वेगळी, आणि दुसऱ्या रांगेतली माणसे पहिलीकडे डोळा लावून उभी. तासभर उभे राहूनही दार बंद होऊ शकते. तरी आरडाओरडा कमी. याला कारण बहुधा केरळची मंडळी आहेत. त्यांच्या तिरुवनंतपुरमचा महोत्सव 1996 पासून चालू आहे आणि फिल्म सोसायट्यांची चळवळ त्याहून कितीतरी जुनी. ते वेळापत्रकावर रंगीत पेनाने खुणा करून येतात, दिग्दर्शकाचे आधीचे चित्रपट सांगतात, आणि रांगेतच पिशवीतली केळी वाटतात. बंगाली गट मोठ्याने वाद घालतो. पुण्याचे लोक एकमेकांना ओळखत असूनही आधी न ओळखल्यासारखे करतात. रत्नागिरीची मंडळी पहिल्या दिवशी गप्प असतात. दुसऱ्या दिवशी भाऊ कुणाला तरी हापूसची पेटी कशी ओळखायची ते सांगत असतात.

दारावरचे स्वयंसेवक बहुतेक गोव्याच्या कॉलेजांतली मुले. बोलायला मऊ, नियमाला घट्ट. बाईंना त्यांनी ‘आंटी’ म्हटले की बाईंची भुवई थोडी चढते. रत्नागिरीत त्या वयाच्या मुलाने ‘मावशी’ किंवा ‘काकू’ म्हटले असते. पण तोच मुलगा जिना चढताना न सांगता त्यांची पिशवी हातात घेतो आणि आभार मानले की ‘देव बरें करूं’ म्हणतो. रत्नागिरीत आभार मानण्याची पद्धत नाही. तिथे उपकार केलेल्या माणसाला ‘जेवून जा’ म्हणतात, आणि तो ‘नको’ म्हणाला की पुन्हा म्हणतात.

चित्रपट पाहण्याची रीतही वेगळी. गावातल्या थिएटरात पडद्यावर ओळखीचे ठिकाण आले की शिट्टी पडते. इथे अंधार झाल्यावर कुणी बोलत नाही, नामावली संपेपर्यंत लोक बसून राहतात, आणि दिग्दर्शक हजर असेल तर टाळ्या वाजवून प्रश्न विचारायला थांबतात. ज्यांना चित्रपट रुचत नाही ते वाकून, कुणाला अडथळा न करता बाहेर पडतात. आणखी एखादा दुसऱ्या पडद्यावर मिळेल, हा हिशेब त्यामागे असतो. बाईंना हे पटत नाही. ‘कीर्तनातून कुणी मध्येच उठतं का?’ असे त्या म्हणतात आणि कंटाळवाणा चित्रपटही शेवटपर्यंत बघतात.

अण्णांची अडचण इंग्रजी तळटिपांची, म्हणजे सबटायटल्सची. वाचून होईपर्यंत ओळ निघून जाते. सुरुवातीला तरुण मित्र शेजारी बसून कानात सांगत असे. मागच्या रांगेतून एकदा हलकीच ‘शूऽऽ’ ऐकू आली, तेव्हापासून अण्णांनी वाचणेच सोडून दिले. एका दुपारी कुठल्याशा थंड समुद्रावरच्या कोळ्यांचा चित्रपट लागला होता. संवाद थोडेच, वारा पुष्कळ. बापलेक बोट किनाऱ्याला आणतात आणि भरतीची वेळ साधायची म्हणून त्यांचे भांडण होते, असा प्रसंग. बाहेर आल्यावर बाकीचे त्या भांडणाबद्दल बोलत होते. अण्णा म्हणाले, ‘भरती कसली? मागच्या खडकावर ओलीची रेघ वर होती आणि पाणी खाली. पाणी उतरत होतं.’ मग क्षणभराने म्हणाले, ‘की बाप मुद्दाम खोटं बोलत होता?’ यावर चर्चा सुरू झाली ती चहा संपला तरी संपेना. दिग्दर्शकाने ते ठरवून केले होते की चित्रीकरणाच्या सोयीने ते झाले, हे ठरवायला पुरावा नव्हता. पण बापाला खोटे धरले तर चित्रपटाचा शेवट अधिक नीट लागतो, हे बाकी चौघांनाही मान्य करावे लागले. तळटिपा वाचणाऱ्यांना हे दिसले नव्हते, कारण त्यांचे डोळे पडद्याच्या तळाशी होते.

मित्रांबरोबर पाहण्याचा खरा उपयोग हा आहे. एकाच चित्रपटाची तपासणी अनेक व्यवसायांच्या नजरेने होते. भाऊ ऋतू तपासतात, अण्णा पाणी, बाई मुलांच्या तोंडची भाषा, आणि तरुण मित्र प्रकाश कुठल्या दिशेने येतो ते. मोठ्या खर्चाच्या चित्रपटात या गोष्टी सेटवर बनवलेल्या असतात, त्यामुळे तपासण्यात अर्थ नसतो. स्वतंत्र चित्रपट पैशाअभावी खऱ्या जागेत, खऱ्या उजेडात आणि पुष्कळदा तिथल्याच माणसांना घेऊन केलेला असतो. जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावात, गावच्याच लोकांना घेऊन केला आणि 2023 साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला. अशा चित्रपटांत जागा साक्षीदार म्हणून उभी असते. तिला प्रश्न विचारणारे जितके अधिक, तितके ती अधिक सांगते.

पणजीत दुपारी दुकानांची दारे लागतात. जेवण आणि वामकुक्षी हा तिथला हक्क आहे. रत्नागिरीतही दुपारी बाजार पेंगतो, पण दुकानदार गल्ल्यावरच डुलकी काढतो. गिऱ्हाईक आले तर डोळा उघडतो. पणजीचा दुकानदार शटर ओढून घरी जातो. त्या वेळेला उघडी असतात ती जेवणाची ठिकाणे आणि चित्रपटगृहे. फिशथाळी समोर आली की तुलना अटळ. रत्नागिरीच्या आमटीत आंबटपणा येतो तो आमसुलाने, आणि वाटणाला भाजलेले खोबरे. गोव्याचे हुमण ओल्या नारळाचे, रंगाने केशरी. बांगड्याला तिरफळ मात्र दोन्हीकडे. सुक्या सुंगटांची किसमूर बाईंना पहिल्या घासाला पसंत पडली. सोलकढीवर एकमत कधीच होत नाही. रत्नागिरीत ती नारळाच्या दुधाची आणि गुलाबी. गोव्यात अनेक ठिकाणी नारळाविना, नुसत्या कोकमाची, पातळ मिळते, आणि भाऊ तिला ‘पाणी’ म्हणतात.

सकाळच्या खेळाआधी कॅफे भोसले किंवा कॅफे ताटोत भाजीपाव. भाजी पातळ, सांबाऱ्यासारखी; सोबत पाव किंवा पोळी, आणि बाजूला मिरचीची भजी. गल्लीतून सायकलचा भोंगा वाजवत पोदेर, म्हणजे पाववाला, जातो, त्याच्या टोपलीत कोंड्याची पोयी असते. रत्नागिरीलाही बेकऱ्या आहेत, पण तिथे पाव हा आजाऱ्याचा नाही तर पाहुण्याचा. सकाळची न्याहारी घावन, आंबोळी नाहीतर मऊ भात. संध्याकाळी गाड्यावर रस-ऑम्लेट: ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रस ओततात, वर बारीक कांदा आणि लिंबू. दोन खेळांच्या मधल्या वेळेत उभ्याने खायचा हा पदार्थ महोत्सवाच्या प्रेक्षकाला ठरवून केल्यासारखा सोयीचा आहे.

काही खेळ कला अकादमीतही होत आले आहेत. मांडवीच्या काठावर कांपालला ही वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. तिला पुढचा मोठा दरवाजा असा नाहीच. रस्त्यावरून सावलीत शिरावे आणि चालता चालता नदी दिसावी, अशी ती मोकळी आहे. आतल्या मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे आणि त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी रंगवलेले प्रेक्षक सज्जात बसलेले दिसतात. गोवा आणि कोकण यांच्यातला जुना दुवा नाटकाचाच. नट, गायक, ऑर्गनवाले आणि नाटकवेडे प्रेक्षक या दोन मुलखांत पिढ्यान् पिढ्या ये-जा करत आले. चित्रपटाचा दुवा अलीकडचा आहे. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पल्तडचो मुनिस’ या कोंकणी चित्रपटाने 2009 साली टोरोंटोत आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळवला. तो महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. बार्डरॉय बार्रेटो यांचा ‘नाचोंया कुंपासार’ गोव्यातल्या जाझ वादकांच्या पिढीबद्दल आहे. कोंकणी चित्रपटाची बाजारपेठ मराठीहून लहान, त्यामुळे तिथला जवळजवळ प्रत्येक चित्रपट स्वतंत्रच म्हणावा लागतो. रत्नागिरीकराला त्याच्या तळटिपांची गरज निम्मीच पडते.

मराठी चित्रपटांना या महोत्सवाने बरेच दिले आहे. 2014 साली श्रीहरी साठे यांच्या ‘एक हजाराची नोट’ने इथे ज्यूरीचा विशेष पुरस्कार आणि शताब्दी पुरस्कार असे दोन्ही मिळवले. 2021 साली निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’तल्या कामासाठी जितेंद्र जोशी यांना उत्तम अभिनेत्याचा रौप्यमयूर मिळाला. 1978 पासून चालू असलेल्या भारतीय पॅनोरमा विभागात मराठी चित्रपट दिसतातच. 2007 पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ महोत्सवाच्या जोडीने फिल्म बाजारही भरवते. तिथे पुरे न झालेले चित्रपट विकत घेणाऱ्यांना आणि महोत्सव भरवणाऱ्यांना दाखवले जातात. प्रेक्षकाला तिथे काम नाही, पण पडद्यावरच्या चित्रपटामागे असा एक बाजार असतो हे कळले की ‘लागला का नाही?’ या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते.

पाच जणांनी एकच चित्रपट बघायचा की पाच वेगळे, हा रोजचा वाद. एकत्र बघितला तर चर्चा होते, वेगवेगळे बघितले तर पोतडी मोठी होते. तोडगा असा निघाला: दुपारचा खेळ एकत्र, सकाळ-संध्याकाळ ज्याचा तो. रात्री जेवताना प्रत्येकाने आपला चित्रपट इतरांना सांगायचा. सांगण्यात बाई सरस. एके रात्री फोंतेन्हासजवळच्या एका खाणावळीत त्यांनी डोंगरातल्या शाळेवरचा एक परदेशी चित्रपट सांगायला घेतला. पोयीचा तुकडा म्हणजे शाळा, सुरमईचा काटा म्हणजे नदीवरचा पूल, मिठाची बाटली म्हणजे मास्तर. मुले पुलावर आली तेव्हा बाई थांबल्या आणि पाणी प्यायल्या. टेबल पुसायला आलेला पोरगा फडके हातात धरून तसाच उभा होता. ‘मागीर कितें जालें?’ त्याने विचारले. बाईंनी त्याच्यासाठी पुलापासून पुन्हा सुरुवात केली.

गोव्याहून परतताना गाडीत हीच सांगासांगी चालू राहते आणि रत्नागिरीला उतरल्यावर ती घरोघर जाते. बाई त्यांच्या वाचनमंडळात सांगतात, अण्णा जेटीवर, भाऊ बागेतल्या गड्यांना. ज्या चित्रपटांना जिल्ह्यात कधी पडदा मिळाला नाही, त्यांच्या गोष्टी रत्नागिरीतल्या मांडवीच्या धक्क्यापासून नाचण्यापर्यंत माहीत असतात. भाऊंच्या गड्यांनी त्या समुद्राच्या चित्रपटाचा शेवट आपापल्या परीने बदलूनही घेतला. रत्नागिरीत स्वतंत्र चित्रपटाचे वितरण आजवर बरेचसे असे तोंडी झाले आहे.

या वितरणाला मर्यादा आहे. सांगून गोष्ट पोचते. उजेड, आवाज, चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा आणि संवादांमधली शांतता पोचत नाही. स्वतंत्र चित्रपटात नेमके तेच जास्त असते आणि गोष्ट कमी. ‘किल्ला’ची गोष्ट चार वाक्यांत सांगता येते: वडील गेलेला मुलगा, बदलीवर आलेली आई, नवे गाव, नवे मित्र. चित्रपट मात्र पावसाळी आभाळात, ओल्या भिंतींत आणि एकट्या पडलेल्या मुलाच्या पाठमोऱ्या चालण्यात आहे. तो बघावाच लागतो. ओटीटीवर काही चित्रपट नंतर येतात, पण मोबाइलच्या पडद्यावर खडकावरची ओलीची रेघ दिसत नाही, आणि बघताना शेजारी अण्णा नसतात.

पडदा गावात आणण्याचे प्रयत्नही झाले आहेत. 2022 साली सिंधुरत्न कलावंत मंचाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कोकण चित्रपट महोत्सव भरवला. फिल्म सोसायटीची वाट त्याहून जुनी आहे. कलकत्ता फिल्म सोसायटी 1947 साली सुरू झाली. 1959 साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ 1968 पासून काम करत आहे. या साऱ्यांचे गणित साधे होते: सभासदांची वर्गणी, एक सभागृह, महिन्यातून एखाद-दुसरा खेळ आणि खेळानंतर बसून बोलणे. पूर्वी रिळांचे डबे रेल्वेने मागवावे लागत. आता निर्मात्याची परवानगी, फाइल आणि बऱ्यापैकी प्रोजेक्टर एवढ्यावर भागते. स्वतंत्र चित्रपटाचा निर्माता अशी परवानगी सहसा नाकारत नाही, कारण शंभर खुर्च्यांचा गाव त्याच्या लेखी शंभर खुर्च्यांचाच असतो, त्याहून कमी नव्हे.

रत्नागिरीत खुर्च्या आहेत, संगीताला आणि नाटकाला बसणारा प्रेक्षक आहे, आणि वर्षाला एकदा पणजीला जाऊन काय मागवावे हे बघून येणारी माणसेही आहेत. परतीच्या गाडीत तरुण मित्राने निर्मात्यांच्या पत्त्यांची यादी केली आणि बाईंनी पहिल्या खेळासाठी ‘किल्ला’ सुचवला. भाऊंची हरकत एवढीच की तो मे महिन्यात ठेवू नये. तेव्हा आंबा उतरायचा असतो आणि कुणालाच वेळ नसतो.